आसरा वर आल्या

"पाय सोड की पाण्यात! बाप्या मानूस हायेस का लगनातली करवली?"

बारवेच्या तळाशी, शेवटच्या ओल्या पायरीवर पुतळाबाई उकिडवी बसली होती. तिच्यापुढे निमोण्याचा बाळासो धोतर मांडीपर्यंत खोचून, डावा पाय हवेत धरून बसला होता. गडी दणकट होता, उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा; पण घोट्याच्या वर आलेल्या एका फोडाने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मावशे, लई ठणकतंय."

"ठणकंल न्हाई तर काय? तितं काय मोगरा फुललाय व्हय? सोड म्हनते न्हवं."

बाळासोने डोळे मिटून पाय सोडला. गार पाणी लागताच त्याने सुस्कारा टाकला. थोड्या वेळाने फोड फुटला, पाण्यात दुधाच्या थेंबासारखं काहीतरी पसरलं आणि फोडाच्या तोंडाशी पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसू लागलं.

"आला बग पावना," पुतळाबाई म्हणाली. तिने पाय आपल्या मांडीवर घेतला, बाभळीच्या काडीच्या चिरेत ते टोक अडकवलं आणि काडीला हलका वेढा दिला. शेजारीच भागुबाई घागर बुडवत होती. तिने वाकून पाहिलं, "लांबडा दिसतुया," असा अभिप्राय दिला, घागर डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढून गेली.

कुरणवाडीत नारू दर उन्हाळ्याला येई. तो जंत असतो, पायातून निघतो, हातभर लांब असतो आणि ओढला तर तुटतो, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तुटला की पाय सुजतो आणि माणूस पेरणीच्या दिवसांत अंथरुणावर पडून राहतो. म्हणून नारू ओढायचा नसतो. काडीवर गुंडाळत रोज बोटभर काढायचा असतो. हे काम पुतळाबाईच्या सासूने केलं आणि सासूमागे पुतळाबाई करत होती. तिला जमीन नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात नकुशी ही एकच मुलगी. तिचं लग्न मांडवगण फराट्याच्या एका मुलाशी ठरलं होतं. पण या वैशाखात नेमका नकुशीच्याच पायाला नारू आला आणि मुलाकडच्यांनी, "पोरगी चालाय लागू द्या, मंग बगू," म्हणून लग्न एक वर्ष पुढे ढकललं होतं.

काडी फिरवताना माणसाने पाय ताठ करता कामा नये. त्यावर पुतळाबाईचा उपाय एकच होता. ती माणसाला बोलतं करी.

"हं, आता बोल. तुज्या चुलत्यानं दुसरा घरोबा केला म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"ते सोड. केला का न्हाई?"

"केला." बाळासोचा पाय सैल पडला. "आन् ती बया पैल्याच दिशी चुलतीच्या..."

पुढची हकीकत बरीच रंगली. ती संपेपर्यंत बोटभर नारू काडीवर आला होता आणि बाळासोला कळलंही नव्हतं. पुतळाबाईने काडी पायाला बांधली, वर एरंडाचं पान ठेवून फडकं आवळलं.

"उद्या ये. आन् चुलती काय म्हनली, ते समदं इचारून ये. अर्धवट खबर माज्या वट्यावर चालत न्हाई."

ती पैसे घेत नसे. कुणी सूपभर बाजरी आणी, कुणी भोपळा. खबर मात्र द्यावीच लागे. निमोण्यापासून मांडवगणापर्यंत कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस फसवून विकली गेली, कुणाची सासू कुणाच्या सासूशी बोलेनाशी झाली, हे सगळं उन्हाळ्याच्या अखेरीस पुतळाबाईच्या ओट्यावर जमा झालेलं असे. वाडीत इतर विधवांना जे कोणी विचारत नव्हतं, ते पुतळाबाईला विचारायला पाटलाच्या घरातूनही माणूस येई.

बारवेच्या वर, पहिल्या पायरीपाशी, एक तरुण बाई हातात चामड्याची पिशवी घेऊन उभी होती. दबोरा तिचं नाव. घोडनदीच्या मिशनच्या आवारात तिचा जन्म झाला, मिशनच्याच शाळेत ती शिकली, नर्स झाली. तालुक्यात विकास गटाचं काम सुरू झालं तेव्हा तिला या भागातल्या वाड्यांवर नेमलं. देवीच्या लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची आणि जमेल ते सांगायचं, असं तिचं काम होतं. तहान लागली की ती पायऱ्यांच्या वर ओंजळ धरून उभी राही आणि कुणीतरी वरून पाणी घाली. पायऱ्या उतरू नयेत असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

त्या दिवशी तिने ओंजळ धरली नाही. तिने पाण्यात पसरलेला तो पांढरा ढग पाहिला, त्याच पाण्यात बुडणारी भागुबाईची घागर पाहिली आणि ती चावडीकडे गेली.

चावडीत सभा होती. गटाचे मोठे साहेब जीपने आले होते. ग्रामसेवक आनंदराव सकाळपासून सायकलवर फिरून माणसं गोळा करत होते. आनंदराव साताऱ्याकडचे, नुकतेच शिकून आलेले, कामाला वाघ. पण बोलायला उभे राहिले की त्यांच्या तोंडून परिपत्रक निघे.

"सदर बारव ही आरोग्याच्या दृष्टीने घातक आहे," ते म्हणाले. "पायऱ्यांद्वारे नागरिकांचा पाण्याशी थेट संपर्क येतो. यास्तव श्रमदानाने पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, कप्प्या बसवाव्यात अशी योजना आहे. पाण्यात पाय नाही, म्हणजे नारू नाही."

"म्हंजी पायऱ्या बुजवायच्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"बुजवायच्या."

"आन् सिमिट?"

"सरकारचं."

"मंग बुजवा की. आमचं काय जातंय?"

ठराव झाला. सगळे हात वर गेले. ते सगळे हात पुरुषांचे होते आणि त्यांतल्या एकानेही जन्मात बारवेवरून घागर आणलेली नव्हती. सभा उठताना दबोराने आनंदरावांना हळूच विचारलं, "बायकांना विचारलं का?"

"त्यांना त्यांचे मालक सांगतील," आनंदराव म्हणाले आणि साहेबांच्या चहाच्या व्यवस्थेला धावले.

मालकांनी सांगितलं. त्याचा परिणाम श्रमदानाच्या दिवशी दिसला. साहेब हार घालून, हातात नवीकोरी कुदळ घेऊन बारवेपाशी आले, हलगीवाला हलगी वाजवत होता, आणि बारवेत वरपासून खालपर्यंत, पायरी न् पायरी धरून, वाडीतल्या बायका बसल्या होत्या. मांडीवर पोरं होती, पुढ्यात घागरी होत्या. कुणी लसूण सोलत होती. सर्वांत खाली, पाण्याला टेकून, पुतळाबाई बसली होती.

"अगं, उठा की!" पाटलांनी वरून आवाज दिला. "सायेब आल्यात!"

"येऊ द्या की," भागुबाई खालून म्हणाली. ती पाटलांचीच बायको होती. "सायबांना म्हनावं बसा. पायऱ्या लई हायेत."

हलगी थांबली. आनंदराव दोन पायऱ्या उतरले. "भगिनींनो, ही योजना आपल्याच हितासाठी..."

"आमच्या हिताचं आमाला इचारलं का?" एकजण म्हणाली.

"दोरानं पानी वडून दंड कुणाचं भरून येणार? तुमचं का आमचं?" दुसरी म्हणाली.

"आन् बसायचं कुठं?" भागुबाई म्हणाली. "घरात सासू, शेतात दीर. ही पायरी हाय म्हनून सुनांना दोन घटका त्वांड उघडाय मिळतंय. तुमाला चावडी हाय, पार हाय, देऊळ हाय. आमाला काय हाय?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात तळातून पुतळाबाईचा आवाज आला. तो तिने चढवला नव्हता. बारवेच्या भिंतींनीच तो मोठा करून वर पोचवला.

"आन् ह्या सातीजणींचं काय?"

शेवटच्या पायरीलगतच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात शेंदूर फासलेल्या सात गोट्यांचे तांदळे होते. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. बाळंतीण बाराव्या दिवशी त्यांची ओटी भरायला येई, नवी नवरी पहिली घागर त्यांना दाखवून भरी आणि त्यांचा दिवा-शेंदूर पुतळाबाईच्या घराकडे होता. भिंत घातली असती तर कोनाडा तिच्यामागे गाडला गेला असता.

"आसरांना जित्तं गाडनार व्हय तुमी?" पुतळाबाई म्हणाली.

यावर पुरुषांतही चुळबुळ झाली. साहेबांनी हार काढून जीपच्या आरशाला अडकवला आणि आनंदरावांना, "लोकांची मानसिक तयारी करा," असं सांगून ते वडगाव रासाईच्या शाळेच्या उद्‌घाटनाला निघून गेले.

पुतळाबाईने आसरांचं नाव घेतलं, ते खोटं नव्हतं. पण तिला आणखी एक प्रश्न पडला होता आणि तो तिने कुणाला बोलून दाखवला नाही. नारू गेला तर आपल्या ओट्यावर कोण येणार? नकुशी आज ना उद्या मांडवगणला जाईल. मग पाटलाच्या घरचा माणूस काय विचारायला येईल? आणि निमोण्याचा बाळासो चुलतीची हकीकत कुणाला सांगेल? सांगेलच कुणाला तरी. पुतळाबाईला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दबोरा तिच्या ओट्यावर आली. पुतळाबाई चुलीसाठी शेणी मोडत होती. आत नकुशी पायाला फडकं बांधून, लंगडत, भाकरीचं पीठ काढत होती.

"या नर्सबाई. काल समदी पांगली, आता तुमी एकट्याच आलात?"

"मावशी, एक विचारायचंय. चिडू नका."

"इचारा. चिडायचं का न्हाई, ते मी बगंन."

"पाय पाण्यात सोडायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासूनं. आसरांचं गार पानी लागलं की नारू त्वांड काढतो. कवा चुकलं न्हाई."

"तोंड काढतो, ते खरंच आहे," दबोरा म्हणाली. तिने आवाज खाली आणला. "पण तोंड काढलं की तो पिल्लं सोडतो. पाण्यात दुधासारखं दिसतं ना, ती त्याची पिल्लं. पाण्यातले बारीक किडे त्या पिल्लांना गिळतात. ते पाणी घागरीत येतं, आपण पितो, आणि वर्षाने आपल्याच पायाला फोड येतो. कळायला लागल्यापासून मीही समजायचे, नारू उष्णतेने होतो. शिकताना डॉक्टरांनी काचेतून दाखवलं, तेव्हा पटलं."

पुतळाबाई शेणी मोडायची थांबली.

"घागर भरताना वाडीतले पाय पाण्यात जातातच," दबोरा पुढे म्हणाली. "पण बाहेरगावचे..."

पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. निमोण्याचे, मांडवगणचे, नदीपलीकडचे, सगळे पाय पुतळाबाईने स्वतः धरून त्या पाण्यात घातले होते. इतकी वर्षं, दर उन्हाळ्याला. कुरणवाडीत आसपासच्या गावांपेक्षा नारू जास्त, हे ती अभिमानाने सांगत असे. जिथं काढणारी चांगली तिथंच तो येतो, असं तिचं म्हणणं होतं आणि ते वाडीला पटलेलं होतं.

"ऊठ," पुतळाबाई म्हणाली.

"मावशी..."

"ऊठ म्हनते न्हवं. माज्या वट्यावरनं ऊठ. तुला कवा आमी पायरीवर पाय ठिवू दिला न्हाई, म्हनून तू पायरीवर उठलीस. तुला काय कळनार त्यातलं?"

दबोरा उठली. तिला राग आला होता; तो तिच्या कानांच्या पाळ्यांवर दिसत होता. पण पिशवी उचलताना तिने एवढंच म्हटलं, "हे मी कुणाला बोलले नाही. बोलणारही नाही. म्हणून एकटी आले."

ती गेली. आतून नकुशीने विचारलं, "आये, नर्सबाई काय म्हनत व्हती?"

"काय न्हाई. पाय दाव तुजा."

"सकाळीच की बगितला."

"परत दाव."

त्यानंतर आलेल्या पहिल्या रोग्याला पुतळाबाईने बारवेत नेलं नाही. वडगावचा कुणी माळी होता. तिने बादलीभर पाणी ओट्यावर मागवलं, त्यात त्याचा पाय बुडवला आणि काम झाल्यावर ती बादली स्वतः उचलून, बारवेच्या उलट्या दिशेला, पार ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन ओतली. माळ्याने कारण विचारलं. "आसरांना सध्या पावनं नको हायेत," असं ती म्हणाली. दबोराने हे लांबून पाहिलं आणि ती ओट्याकडे वळली नाही.

आनंदराव लोकांची मानसिक तयारी करत होते. त्यांनी भिंतीवर नारूचं मोठं चित्र काढवून घेतलं. चित्रकार घोडनदीचा होता आणि त्याने नारू कधी पाहिला नव्हता. त्याने काढलेला नारू फणा उभारून बसला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलेलं दिसलं.

मग एका शुक्रवारी पुतळाबाई पाटी आणि नवं फडकं घेऊन बारवेवर आली. पाणी भरायची वेळ होती. पायऱ्या भरलेल्या होत्या.

"सपान पडलं," ती म्हणाली.

घागरी बुडवायच्या थांबल्या. पुतळाबाई उगाच काही बोलत नसे.

"सातीजनी उशापाशी हुब्या. वल्याचिंब. म्हनल्या, पुतळे, गावाचं पाय धुतलेलं पानी आमाला किती साल पाजनार? घुसमटाय झालंय. आमाला वर ने, उन्हाला बसव."

"अगं बया!" एकजण म्हणाली.

"आन् आमचं काय? बसायचं कुठं, ते म्हनल्या का?" भागुबाईने विचारलं. स्वप्नावर तिचा विश्वास होता. पण चौकशी पुरती करावी असं तिचं मत होतं.

"म्हनल्या की. पायऱ्यांचं दगड काढा आन् बारवंच्या भवती रुंद वटा बांधा. बाई बसली आन् बाजूला घागर ठिवली तरी दुसरी जायाला वाट पायजे. सावलीला लिंब लावा. धुनं लांब, मोरी काढून. कप्प्या चार. म्हाताऱ्यांचं पानी सुनांनी वडायचं."

"समदं सपनातच सांगितलं?"

"लई येळ हुब्या व्हत्या," पुतळाबाई म्हणाली.

तिने कोनाड्यासमोर दिवा लावला, हात जोडले आणि एकेक तांदळा उचलून पाटीत ठेवला. पाटी जड झाली. ती कडेला घेऊन पुतळाबाई पायऱ्या चढू लागली. बायका अंग चोरून वाट देत होत्या. शेवटच्या पायरीपाशी तिचा दम संपला. वर दबोरा उभी होती, नेहमीच्या जागी.

"बगतीस काय? हात दे."

दबोरा क्षणभर थांबली आणि मग तिने हात पुढे केला. पुतळाबाई तो धरून वर आली. मागून भागुबाईने काही बोलायला तोंड उघडलं होतं. पुतळाबाईने वळून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने तेच तोंड पदराने पुसलं.

पाटी खाली ठेवून पुतळाबाई दम खात बसली. दबोरा तिच्या कानाशी वाकली.

"मावशी, स्वप्न खरंच पडलं?"

"तुज्या बायबलात कुणाला सपनं पडत न्हाईत व्हय?"

"पडतात."

"मंग?"

दबोरा हसली. पुतळाबाई हसली नाही, पण तिने तंबाखूची चंची काढली आणि दबोराला विचारलं, "खातीस का?"

आसरांच्या मागण्या आनंदरावांनी मन लावून लिहून घेतल्या. ओट्याची तरतूद योजनेत नव्हती. त्यांनी तो मोरीच्या कामात दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या या अफरातफरीने त्यांना चार दिवस झोप लागली नाही. लोखंडी कप्प्या आणायला ते दौंडला गेले आणि त्या मांडीवर घेऊन एसटीने परतले. चौथी कप्पी गावकुसाबाहेरच्या वस्तीच्या अंगाला बसली. त्यावर चावडीत मोठी हुज्जत झाली. आसरांनी चार सांगितल्यात, असं पुतळाबाईने ठणकावल्यावर ती मिटली. मिटली म्हणजे माणसं बोलायची थांबली.

श्रमदानाला या वेळी बायकाच पुढे होत्या. वरच्या पायऱ्यांचे दगड निघाले, त्या वाटेच्या तोंडावर भिंत आली, वाटेत दगड-मुरूम भरला. ओटा इतका रुंद झाला की गवंडी म्हणाला, यावर लग्न लागेल. त्याच्या मधोमध, उन्हात, सातीजणी बसल्या. साहेब पुन्हा जीपने आले, त्यांनी फीत कापली आणि लोकजागृतीबद्दल आनंदरावांचं कौतुक केलं. आनंदराव पुतळाबाईकडे बघत राहिले. पुतळाबाई लिंबाच्या रोपाला पाणी घालत होती.

पुढच्या उन्हाळ्यात नारू आला.

नेहमीपेक्षा कमी नाही, जास्त नाही. वाडी खवळली. "सिमिट सरकारचं, दंड आमचं, आन् नारू हाय तितंच!" पाटील चावडीत म्हणाले. आनंदरावांनी खुलासा करायला परिपत्रक शोधलं. दबोरा घरोघर सांगत फिरली की हा गेल्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा नारू आहे. पण लोक तिच्यासमोर मान हलवत आणि मागे हसत. दोघा-चौघांनी भिंत फोडायची भाषा सुरू केली. त्यांतला एकजण पायाला फोड घेऊन पुतळाबाईच्या ओट्यावर आला.

"काय वो मावशी, आसरांनी फशिवलं म्हनायचं तुमाला!"

"फशिवलं न्हाई," पुतळाबाई काडी फिरवत म्हणाली. "हा गेल्या सालचा हाय. अंगात शिरलेला नारू सालभर आतच ऱ्हातो. पोटुशी बाई नऊ म्हैनं थांबती, मंग ह्यानं सालभर थांबू नये व्हय?"

"आन् पुढच्या साली आला तर?"

"तर माज्या हातानं भित फोडीन. पर न्हाई यायचा."

"मंग तुमी काय करनार?"

पुतळाबाईचा हात थांबला नाही. "तू त्वांड वाकडं करून बसलाईस, त्याचं आदी बग. तुज्या मेव्हनीचं काय झालं?"

भिंत राहिली. त्याच वैशाखात नकुशीचं लग्न झालं. तिच्या पायाचं फडकं सुटलं होतं. बारवेच्या ओट्यावर खरोखरच जेवणाच्या पंगती बसल्या आणि गवंड्याने ते स्वतःचं भाकीत म्हणून सगळ्यांना ऐकवलं. नकुशी आपल्या पायांनी चालत गाडीपर्यंत गेली. मुलाच्या आईने ती चाल बारकाईने पाहिली आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पाठवणी करताना पुतळाबाई रडली, पण थोडंच. "मांडवगणची समदी खबर पाठवत जा," तिने गाडीच्या मागे चालत सांगितलं. "निस्ती खुशाली नगं. खबर."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुरणवाडीत एकाही पायाला फोड आला नाही.

दबोरा दर आठवड्याला विचारत आली. चैत्र गेला, वैशाख गेला. वाडीला हे लक्षात यायलाही वेळ लागला. दुखत नसलेल्या पायाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेरणीआधीची मशागत त्या वर्षी वेळेवर उरकली, एवढं मात्र सगळे बोलत होते. बारवेच्या ओट्यावर बायका बसत, हसण्याचा आवाज चावडीपर्यंत येई. पुतळाबाईही तिथे जाऊन बसे. तिला जागा करून देत. पण तिथे सगळ्या एकमेकींशी बोलत आणि बोलणं वाडीतलंच असे. तिच्या स्वतःच्या ओट्यावर सकाळी ऊन येई, दुपारी सावली येई आणि माणूस येत नसे. तिने काड्या तासून ठेवल्या होत्या, त्या वाळून वाकल्या.

दबोराने तिला विचारलं होतं, बाळंतपणाच्या कामाला माझ्याबरोबर येता का. "मला रगत बगवत न्हाई," पुतळाबाई म्हणाली. हे दबोराला खरं वाटलं नाही आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला नदीपलीकडच्या एका वस्तीवरचा माणूस वाडीतल्या आपल्या बहिणीकडे आला. अब्राहाम त्याचं नाव. बहीण आनंदरावांच्या खोलीशेजारी राहणारी, शाळामास्तरांची बायको. त्याच्या पोटरीला फोड होता. तिकडची बारव अजून उघडी होती. बहिणीने त्याला पुतळाबाईकडे पाठवलं.

पुतळाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मग ओटा झाडला, घोंगडी अंथरली, बादली भरून आणली आणि नवी काडी तासायला बसली. अब्राहाम बुजरा होता. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या भांडणाचं सांगितलं. मग हळूहळू वस्तीच उलगडली: कुणाची विहीर, कुणाची वाटणी, आणि त्याच्या धाकट्या भावाने एक मुलगी पसंत केली होती, तिच्या बापाने अजून होकार दिला नव्हता, त्याची सगळी कथा. पुतळाबाई मधून मधून हुंकार देत होती. बादली रोज ओढ्यापलीकडे नेऊन ओतत होती. आणि रोज काडी बांधताना म्हणत होती, "तुमच्या बारवंच्या पायऱ्या बुजवा. न्हाईतर पुढच्या साली परत यावं लागंल. ही नर्सबाई हाय, तिला घेऊन जा. सपान पायजे असंल तर मी येती."

शेवटी एका सकाळी दबोरा औषधाची पट्टी द्यायला आली तेव्हा अब्राहाम ओट्यावर बसला होता आणि काडीवर जाड वेटोळं जमलं होतं. दबोराने वाकून पाहिलं. सूज उतरली होती. नारू सैल झाला होता. उरलेला दोन बोटं असेल, आणखी दोन वेढ्यांत तो सगळा बाहेर आला असता. तिने पुतळाबाईकडे पाहिलं. पुतळाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, आज निघंल ना? धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन आलाय," अब्राहाम म्हणाला.

पुतळाबाईने काडीला अर्धा वेढा दिला. मग काडी पोटरीला लावली, वर एरंडाचं पान ठेवलं आणि फडकं बांधलं.

"उद्या ये," ती म्हणाली. "आन् त्या पोरीचा बाप काय म्हनला, ते इचारून ये."